फिजिक्सची पीएचडी झाली, आता हॉस्पिटलात शिरायचंय

या वेळी पेटीतून तीन पत्रं काढली आणि तिन्ही एकाच विषयावरची निघाली, मेडिकल फिजिक्स, म्हणजे हॉस्पिटलातल्या रेडिएशनच्या मशीनांमागचं फिजिक्स. हा माझाच धंदा असल्यामुळे संपादकांनी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही, सरळ माझ्या गळ्यात घातली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

प्रश्न: ताई, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या शिकागोजवळ पोस्टडॉक करतोय. पीएचडी पार्टिकल फिजिक्समध्ये, पोस्टडॉकचं हे चौथं वर्ष, फॅकल्टीच्या जागांना अर्ज करून करून आता उत्तराची वाट बघणंही सोडलंय. ग्रुपमधला एक जण म्हणाला की पीएचडीवाल्यांसाठी मेडिकल फिजिक्सचं एक सर्टिफिकेट असतं, वर्षभरात होतं, मग हॉस्पिटलात चांगली नोकरी. खरंय का हे? पुन्हा एमएस करायला लागणार नाही ना? जिआंट-फोर, म्हणजे कणांच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, माझ्या हाताखालचं आहे, पेशंटचा रेडिएशन डोस काढणं म्हणजे शेवटी तेच ना? बायको म्हणते परत विद्यार्थी होणार असशील तर आधी माझ्याशी बोल.

उत्तर: आधी बायकोशी बोला. चेष्टा नाही करत, कारण हा मामला एका वर्षाचा नाहीये, धरून चाला तीन-साडेतीन वर्षं, आणि त्यात एकदा तरी गाव बदलावं लागेल.

मित्राने सांगितलं ते अर्धं खरं आहे. सर्टिफिकेट असतं, ते पीएचडी झालेल्यांसाठीच असतं, आणि पुन्हा एमएस करायची गरज नाही हेही खरं. पण त्याने तुम्ही मेडिकल फिजिसिस्ट होत नाही, तुम्हाला रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलात राबून शिकायच्या जागेच्या, रांगेत उभं राहायला मिळतं. फरक मोठा आहे आणि जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो.

पूर्वी असं नव्हतं हो. फिजिक्सवाला हॉस्पिटलात चिकटायचा, सिनियरच्या हाताखाली शिकायचा, चार-पाच वर्षांनी बोर्डाची परीक्षा द्यायचा, झालं. अमेरिकेत ही परीक्षा अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी घेतं, आम्ही नुसतं एबीआर म्हणतो. तीन भाग असतात, पहिले दोन लेखी आणि तिसरा तोंडी, त्या तिसऱ्याबद्दल विचारू नका. तर एबीआरने २०१२ पासून नियम केला की पहिल्या भागाला बसायचं तर कॅम्पेप मान्यता असलेल्या कोर्समध्ये तुमचं नाव पाहिजे, आणि २०१४ पासून कॅम्पेपची रेसिडेन्सी लागायला लागली. कॅम्पेप म्हणजे तिकडच्या मेडिकल फिजिक्सच्या शिक्षणाला मान्यता देणारी संस्था. आता एवढं दार लावून घेतल्यावर तुमच्यासारख्या, म्हणजे पार्टिकल, सॉलिड स्टेट, अ‍ॅस्ट्रो करून आलेल्या लोकांचं काय करायचं हा प्रश्न आलाच. फिजिक्समधून माणसं यायची बंद झाली तर हा धंदाच वाळून जाईल हे सगळ्यांना कळत होतं, मुळात तो उभाच तशा लोकांनी केलाय. म्हणून मग ही खिडकी ठेवली. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांची संघटना आहे एएपीएम, तिने २०११ साली १९७-एस नंबरचा एक रिपोर्ट काढला, बाहेरून येणाऱ्या पीएचडीवाल्याला कमीत कमी काय काय शिकवलं पाहिजे याचा. सर्टिफिकेटचे कोर्स त्यावरच बेतलेले आहेत.

विषय साधारण सहा, बहुतेक ठिकाणी मिळून १८ क्रेडिट. रेडिओलॉजिकल फिजिक्स आणि डोसिमेट्री म्हणजे डोस मोजणं, रेडिएशनपासून संरक्षण, इमेजिंग, रेडिओबायोलॉजी म्हणजे रेडिएशनने पेशींचं काय होतं ते, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि रेडिओथेरपीचं फिजिक्स. फिलाडेल्फियाचं पेन, सेंट लुईसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, कॅनडात कॅलगरी अशा ठिकाणी हे चालत आलंय. यादी बदलत असते, नवीन येतात, जुने बंद होतात, त्यामुळे कुणाला फी भरायच्या आधी कॅम्पेपच्या यादीत त्या कोर्सचं नाव आज आहे का ते स्वतःच्या डोळ्याने बघा. नुसतं 'मेडिकल फिजिक्स सर्टिफिकेट' असं लिहिलेलं पुष्कळ काही मिळतं बाजारात.

पहिला विषय तुम्हाला सोपा जाईल, फोटॉन, कॉम्प्टन, पेअर प्रॉडक्शन, स्टॉपिंग पॉवर, हे सगळं ओळखीचंच. मला घाम फुटला तो रेडिओबायोलॉजीत. पहिल्याच लेक्चरला फळ्यावर अल्फा आणि बीटा आले, मी खुश, म्हटलं आपले जुने दोस्त, आणि पंधरा मिनिटांनी कळलं की ते कण नव्हेतच. पेशी मरण्याच्या आलेखाचे दोन आकडे आहेत, एक डोसच्या प्रमाणात चालतो आणि दुसरा डोसच्या वर्गाच्या. रोज २ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) असं २५ दिवस का द्यायचं, सगळं एकदम का नाही, याचं उत्तर त्या दोघांच्या गुणोत्तरात आहे. आणि अ‍ॅनाटॉमी म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, दहावीच्या इतिहासासारखी. फिजिक्सवाल्याला वाटतं मी तत्त्वावरून काढेन, पण प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशय त्याच्या मागे, हे कुठल्याच तत्त्वावरून निघत नाही हो, पाठ करावं लागतं.

आता तुमच्या जिआंट-फोरचं. त्याचा उपयोग आहे, भरपूर आहे, गेट आणि टोपास ही आमच्याकडची सिम्युलेशनची हत्यारं त्याच्यावरच उभी आहेत, तेव्हा रिसर्चवाल्या रेसिडेन्सीत अर्जावर ते उठून दिसेल. आणि पार्टिकलवाल्यांनी इथे यायची परंपरा तुमच्या शेजारचीच आहे. बाटेव्हियात जी फर्मीलॅब आहे तिचे पहिले डायरेक्टर रॉबर्ट विल्सन, त्यांनी १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं की वेगवान प्रोटॉनचा कॅन्सरवर उपयोग होईल, कारण ते बहुतेक ऊर्जा वाटेत सांडत नाहीत, थांबायच्या जरासं आधी टाकतात. पुढे १९७६ पासून त्याच लॅबमध्ये न्यूट्रॉनने पेशंटवर उपचारही झाले. त्यामुळे 'मी चुकीच्या क्षेत्रातून आलोय' असला न्यूनगंड मुलाखतीत आणू नका.

पण डोस काढणं म्हणजे शेवटी तेच, हे काही बरोबर नाही. माझीच फजिती सांगते. रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, लिनॅकचं, म्हणजे उपचाराचा बीम सोडणाऱ्या मशीनचं, आउटपुट मोजायचं होतं. पाण्याच्या टाकीत आयन चेंबर, म्हणजे रेडिएशन मोजायची डबी, सोडतात, ते हवेला उघडं असतं, त्यामुळे आतल्या हवेची घनता बदलली की वाचन बदलतं, म्हणून तापमान आणि दाबाचं करेक्शन लावावं लागतं. शाळेतलं गणित. आता माझ्याकडे एका मैत्रिणीच्या नोट्स होत्या, ती अणुशक्तीनगरला शिकलेली, तिच्या नोट्स आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलच्या, टीआरएस-३९८ च्या, त्यात संदर्भ तापमान २० अंश. अमेरिकेतला टीजी-५१ धरतो २२. मी बिनधास्त २० टाकलं. फरक किती, ०.७ टक्के. सिनियरने माझा कागद बघितला, ओरडला वगैरे नाही, फक्त विचारलं, या चेंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं आहे ते वाचलंस का? मी नव्हतं वाचलं, आणि संदर्भ तापमान कुठलं धरायचं ते त्यावरच ठरतं. मग म्हणाला, महिन्याच्या चेकला २ टक्क्यांची मुभा असते, वार्षिकला १, त्या १ मधले ०.७ तू आल्याआल्या खाऊन टाकलेस, आणि हे एका पेशंटचं नाही, उद्यापासून या मशीनवर येणाऱ्या प्रत्येकाचं आहे. पीएचडीत माझे एरर बार याच्यापेक्षा कितीतरी जाड होते आणि कुणाला काही झालं नव्हतं.

पनामाच्या कॅन्सर हॉस्पिटलात २०००-२००१ मध्ये जे झालं ते तर कोर्समध्ये शिकवतातच. तिथल्या प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चारच शिल्डिंग ब्लॉक, म्हणजे निरोगी भाग झाकणारे ठोकळे, टाकता यायचे, डॉक्टरांना पाच हवे होते, म्हणून लोकांनी ते एका वेगळ्या पद्धतीने एकत्र करून टाकले, सॉफ्टवेअरने निमूट घेतले आणि उपचाराचा वेळ जवळपास दुप्पट काढून दिला. हाताने एक आकडेमोड करून ताडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं. २८ पेशंटना जादा डोस गेला, काही दगावले. आमचा धंदा म्हणजे हे ताडून बघणं, रोज, कंटाळा आला तरी. तुम्हाला नवीन काहीतरी शोधायची नशा असेल तर हा भाग जड जाईल, खरं सांगते.

म्हणून माझा सल्ला, पैसे भरायच्या आधी जवळच्या एखाद्या कॅन्सर सेंटरच्या फिजिक्स ग्रुपला मेल टाका, मला दोन दिवस नुसतं मागे उभं राहून बघू द्या म्हणा. शिकागोत अशी सेंटर ढिगाने आहेत. एक दिवस सकाळचं क्यूए, म्हणजे मशीनची तपासणी, बघा, आणि एक दिवस संध्याकाळचं, पेशंट गेल्यावर फिजिसिस्ट लोक मशीनवर बसतात ते, रात्रीचे नऊ-दहा होतात. हे बघूनही यावंसं वाटलं तर या.

दुसरं, सर्टिफिकेट सुटं विकत घेण्यापेक्षा शक्य असेल तर रेडिएशन ऑन्कॉलॉजी विभागातच पोस्टडॉक मिळवा आणि ते करता करता सर्टिफिकेट करा. बरेच जण असंच करतात. पगार चालू राहतो, काही ठिकाणी फीत सवलत मिळते, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला ओळखणारी, क्लिनिकमध्ये बघितलेली माणसं शिफारसपत्र लिहितात. पार्टिकल फिजिक्समधल्या मोठ्या माणसाचं पत्र रेसिडेन्सीवाल्यांना फारसं काही सांगत नाही, 'हा मुलगा संध्याकाळी सातला कंटाळला नाही' हे वाक्य सांगतं.

रेसिडेन्सी दोन वर्षांची, रिसर्च जोडलेली असेल तर तीन. अर्ज एकाच ठिकाणाहून जातात, मग मुलाखती, मग तुम्ही प्रोग्रॅमची क्रमवारी लावायची, त्यांनी तुमची, आणि मार्चमध्ये कॉम्प्युटर जोड्या लावतो, डॉक्टरांच्या मॅचसारखंच. २०१५ पासून ही पद्धत आहे. जागा कमी आणि अर्जदार जास्त, त्यामुळे एका फेरीत नाही लागलं म्हणून खचू नका, पण दुसऱ्या फेरीपर्यंत घरखर्च कसा चालणार ते आत्ताच ठरवून ठेवा. नुसतं सर्टिफिकेट हातात आणि रेसिडेन्सी नाही अशी माणसं मी बघितलीयेत, ती अवस्था वाईट. एक करता येतं, सर्टिफिकेट चालू असतानाच एबीआरचा पहिला भाग देऊन टाका, अभ्यास ताजा असतो आणि अर्जात दिसतं.

व्हिसाचं तुम्ही लिहिलं नाहीत. सगळ्याच रेसिडेन्सी व्हिसा स्पॉन्सर करत नाहीत, अर्जाआधी प्रत्येकाला स्पष्ट विचारा, आणि अर्धवेळ कोर्स तुमच्या सध्याच्या व्हिसावर चालतो का ते युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला. मित्राला विचारू नका.

प्रश्न: मी पुण्यात असते, कंडेन्स्ड मॅटरमध्ये पीएचडी, वय ३२. दोन वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतेय. इथे बसून अमेरिकेतलं असं सर्टिफिकेट ऑनलाइन केलं तर इथल्या हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून घेतील का? इथला डिप.आर.पी. म्हणजे एम.एस्सी.नंतरचा कोर्स आहे, पीएचडी असून परत मागे जायचं जीवावर येतं.

उत्तर: सीएचबीवर दोन वर्षं काढलीत, म्हणजे तुमची सहनशक्ती सिद्ध झालेली आहे.

भारतात हा सगळा कारभार एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. रेडिओथेरपीच्या मेडिकल फिजिसिस्टसाठी त्यांची अट सरळ आहे, फिजिक्समधली एम.एस्सी., त्यावर मान्यताप्राप्त विद्यापीठाचा रेडिओलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा डिप्लोमा, नाहीतर थेट मेडिकल फिजिक्समधलीच एम.एस्सी., आणि दोन्हीकडे चांगल्या सुसज्ज रेडिओथेरपी विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप. या वाक्यात पीएचडी हा शब्द कुठेच नाही. असली तर उत्तमच, पुढे रिसर्चला, बढतीला कामाला येईल, पण ती डिप्लोमाची जागा भरत नाही. तिकडचं सर्टिफिकेट पण भरत नाही, ते तिकडच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी आहे आणि तिथेसुद्धा त्यापुढे रेसिडेन्सी लागतेच. ऑनलाइन घरी बसून केलं तर इंटर्नशिप कुठून येणार? तेव्हा ते पैसे वाचवा. उलटंही खरं, डिप.आर.पी. करून तिकडे गेलात तर तिकडे कॅम्पेपचा कोर्स मागतात. दोन्ही देशांचे दरवाजे वेगळे आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

डिप.आर.पी. म्हणजे बीएआरसीचा डिप्लोमा, १९६२ पासून चालूये, आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटचा. एक वर्ष अणुशक्तीनगर आणि मग वर्षभर इंटर्नशिप. मार्कांची, वयाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत असते, ३२ आहात तर ती आधी बघा, बाकी सगळं नंतर. इंटर्नशिपनंतर आरएसओची, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परीक्षा देऊन टाका, रेडिओथेरपीसाठी लेव्हल-३ ची लागते. आरएसओशिवाय हॉस्पिटलला रेडिओथेरपी चालवायचा परवाना मिळत नाही, त्यामुळे लहान गावातली हॉस्पिटलं असा माणूस शोधत असतात. सांगली-मिरज, नाशिक, संभाजीनगर, कुठेही जायची तयारी ठेवलीत तर पुण्या-मुंबईत अडून बसणाऱ्यांपेक्षा लवकर काम लागेल.

मागे जायचं जीवावर येतं म्हणता, ते समजतं. वर्गात तेवीस वर्षांची पोरं असतील, कदाचित तुम्हीच शिकवलेलं एखादं शेजारच्या बाकावर बसेल आणि मॅडम मॅडम करेल. वर सांगितलेली ती नोट्सवाली मैत्रीण, ती आता पुण्यातच आहे एका हॉस्पिटलात. तिने पहिल्या आठवड्यातली गंमत सांगितली होती. मुंबईत शिकताना दाबाचं करेक्शन जेमतेम, समुद्रसपाटीच ना, टाकलं काय न टाकलं काय असं वाटायचं. पुणं साडेपाचशे मीटरवर, इथे तेच करेक्शन जवळपास ७ टक्के. हाताखालच्या इंटर्नने मुंबईच्या सवयीने ते सोडून दिलं आणि मशीन बिघडलं म्हणून कंपनीला फोन लावायला निघाला. तिने हात धरला आणि बॅरोमीटरकडे बोट दाखवलं. तुमच्या पीएचडीत तुम्ही व्हॅक्यूम सिस्टिमवर वर्षं घालवली असतील, मिलिबार कशाशी खातात ते तुम्हाला माहितीये, अशी माणसं या कामात पटकन रुळतात. दोन वर्षं जातील, पण सीएचबीवर गेलेल्या दोन वर्षांसारखी नाही जाणार.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत फिजिक्समध्ये डॉक्टर झाला, आम्हाला फार अभिमान. आता म्हणतो हॉस्पिटलात रेडिएशनचं काम शिकणार. एवढं शिकून मशीन चालवणार का तो? आणि त्या रेडिएशनने त्याला काही होणार नाही ना? त्याचं लग्न जमवायचं चाललंय, लोक विचारतात. – एक आई, सांगली

उत्तर: काकू, मशीन तो नाही चालवणार, त्यासाठी टेक्नॉलॉजिस्ट असतात आणि ते फार कसबाचं काम आहे, त्याला कमी समजू नका. कुणाला किती डोस द्यायचा ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. मशीनमधून खरोखर तेवढाच आणि ठरलेल्या जागीच पडतोय की नाही, याची जबाबदारी तुमच्या मुलाची. आपल्या सोनाराकडे काटा असतो ना, तो काटा खरा आहे हे सांगणारा माणूस, असं समजा.

रेडिएशनचं म्हणाल तर मशीन दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत असतं आणि बीम चालू असताना आत फक्त पेशंट. लिनॅक बंद केलं की रेडिएशन बंद, ट्यूबलाइटसारखं. कोबाल्टचं मशीन असेल तर त्यातला सोर्स आपला आपण तळपतच असतो, बटण बंद करून विझत नाही, तो जाड शिशाच्या डोक्यात मागे ओढून ठेवतात, तिथे जास्त जपावं लागतं आणि जपतात. छातीला रेडिएशन नोंदवणारा बॅज लावायला लागतो, तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो. आपल्याकडे कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेल्या रेडिएशनचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३०, अमेरिकेत वर्षाला ५०. जमिनीतून, हवेतून, आकाशातून तुम्हा-आम्हाला सरासरी वर्षाला २.४ च्या आसपास मिळतच असतं. माझ्या बॅजवर इतक्या वर्षांत बहुतेक वेळा नोंद करण्याइतकंही आलं नाही. मला दोन मुलं आहेत, दोन्ही ठणठणीत आणि दोन्ही उद्धट, त्याचा रेडिएशनशी संबंध नाही.

स्थळाकडच्यांना मुलगा डॉक्टर आहे एवढंच सांगितलं असेल तर पुढचंही आत्ताच सांगून टाका. नाहीतर साखरपुड्याच्या दिवशी मुलीचे मामा शर्ट वर करून त्याला पाठ दाखवतील आणि बिचारा प्रोटॉनबद्दल बोलत बसेल.